तंजावरला जाण्यापूर्वी

पुष्कळ लोक प्रवासाला जातात. परंतु खरोखर काही पाहून परत येणारे त्यांत थोडेच असतात. देवळासमोर उभे राहून छायाचित्र काढले, बाजारातून दोन वस्तू विकत घेतल्या, की प्रवास झाला असे अनेकांना वाटते. अशा प्रवाशाला घरी कोणी विचारले, "तिथे काय पाहिले?" तर "मोठे देऊळ पाहिले" यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. ज्या नगराला हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, तेथे जाताना शिदोरी आणि अंथरूण-पांघरूण यांच्याबरोबर मनाचीही तयारी करावी लागते. दक्षिणेतील तंजावर हे असेच पूर्वतयारीने पाहण्याजोगे नगर आहे.

महाराष्ट्रातील एखाद्या शाळेच्या सातवीच्या वर्गाने तंजावरची सहल ठरविली, तर मुलांनी प्रथम भारताचा नकाशा उघडावा. मुंबईपासून चेन्नईपर्यंतचा लोहमार्ग सुमारे १,३०० किलोमीटरांचा आहे. चेन्नईहून दक्षिणेकडे आणखी सुमारे ३५० किलोमीटर गेले, म्हणजे तंजावर लागते. तंजावरच्या पश्चिमेस साधारण ५५ किलोमीटरांवर तिरुचिरापल्ली हे मोठे शहर आहे. नकाशावर या दोन शहरांच्या आसपास बोट फिरविले, की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. येथे निळ्या रेषांचे जाळे पसरलेले आहे. एक नदी पश्चिमेकडून येते आणि येथे तिला हाताच्या बोटांसारखे फाटे फुटतात. ही नदी म्हणजे कावेरी.

गोदावरी आणि कृष्णा या नद्यांप्रमाणे कावेरीही सह्याद्रीच्या रांगेतच जन्म पावते. कर्नाटकातील कोडगू प्रदेशात ब्रह्मगिरीवर तिचा उगम आहे. तेथून सुमारे ८०० किलोमीटरांचा प्रवास करून ती बंगालच्या उपसागरास मिळते. समुद्राजवळ येता येता तिने युगानुयुगे गाळ टाकून जो सपाट आणि सुपीक प्रदेश तयार केला, त्यातच तंजावर वसले आहे. या भागाला तमिळनाडूचे धान्याचे कोठार म्हणतात. येथील मुख्य पीक भात. भात मुबलक पिकला म्हणून राजांची कोठारे भरली. कोठारे भरली म्हणून मोठी देवालये उभी राहिली. आणि देवालयांनी व राजदरबारांनी गायक, वादक, नर्तक आणि कारागीर पोसले. तंजावरचे संगीत समजून घ्यावयाचे, तर आरंभ नदीपासूनच केला पाहिजे.

नकाशानंतर पंचांग पाहावे. एप्रिल व मे या महिन्यांत तंजावरला कडक उन्हाळा असतो. महाराष्ट्राला जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून पाऊस मिळतो. तंजावरच्या बाजूला मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडून येणारे वारे अधिक पाऊस देतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्याने छत्री बरोबर घ्यावी. जानेवारी व फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखाचे. हवा सौम्य असते, पाऊस ओसरलेला असतो, आणि पौष वद्य पंचमीच्या सुमारास जवळच्या तिरुवैयारु गावी संगीताचा मोठा उत्सव भरतो. या तिथीचा दिवस इंग्रजी महिन्यांप्रमाणे दरवर्षी बदलतो. म्हणून आगगाडीची तिकिटे काढण्यापूर्वी तो पाहून ठेवणे अवश्य आहे.

तंजावर आणि त्याचा परिसर नीट पाहण्यास चार दिवस पुरतात. पहिला दिवस नदीला द्यावा.

तिरुचिरापल्लीकडून तंजावरला येताना वाटेत कल्लणै नावाचा बंधारा पाहता येतो. तमिळ भाषेत 'कल्' म्हणजे दगड आणि 'अणै' म्हणजे बंधारा. हा दगडी बंधारा करिकाल नावाच्या चोळ राजाने बांधला असे परंपरा सांगते. तो जवळजवळ दोन हजार वर्षांचा जुना मानला जातो. त्याची लांबी सुमारे ३३० मीटर आहे. इतका जुना बंधारा अद्याप कामात आहे, ही जगात क्वचित आढळणारी गोष्ट होय.

या बंधाऱ्याचे काम काय? तिरुचिरापल्लीजवळ श्रीरंगमच्या बेटापाशी कावेरीचे दोन प्रवाह होतात. उत्तरेकडच्या प्रवाहाला कोळ्ळिडम म्हणतात. दक्षिणेकडचा प्रवाह कावेरी हेच नाव धारण करतो. बेट संपते तेथे हे दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ येतात. कोळ्ळिडमचे पात्र खोल आणि उतरते आहे. त्यामुळे कावेरीचे पाणी त्यात ओसंडून थेट समुद्राला जाऊन मिळण्याचा धोका असतो. तसे झाले, तर तंजावरची शेते कोरडी पडतील. कल्लणै हे पाणी अडविते आणि कावेरी व वेण्णार या फाट्यांतून शेतांकडे वळविते. महापूर आला म्हणजे मात्र जादा पाणी कोळ्ळिडमकडे सोडून देण्यात येते. अशा रीतीने एकच बंधारा दुष्काळ आणि पूर या दोन्ही संकटांपासून प्रदेशाचे रक्षण करतो.

नदीचे पात्र वाळूचे असता त्यावर दगडी बांध टिकला कसा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज अभियंत्याला पडला. जुन्या बांधकामाचे निरीक्षण केल्यावर त्याला उलगडा झाला. प्राचीन कारागिरांनी मोठमोठे दगड वाळूत टाकले होते. ते आपल्या भाराने खाली रुतत गेले. त्यांच्यावर आणखी दगड टाकले गेले, आणि शेवटी खालचा थर अचल झाला. जी वाळू पायाची शत्रू वाटत होती, तिनेच पाया घट्ट धरून ठेवला. ही युक्ती कॉटनने पुढे गोदावरीवर दवलेश्वरम येथे मोठा बंधारा बांधताना उपयोगात आणली. प्राचीन शेतकऱ्यांचे शहाणपण असे एका नदीवरून दुसऱ्या नदीवर गेले. या बंधाऱ्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, नव्या दरवाजांची भर पडली. सतत काळजी घेतली गेली म्हणूनच तो टिकला. ही गोष्ट प्रवाशाने मनात धरून ठेवावी. पुढे प्रत्येक ठिकाणी तिचा उपयोग होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बृहदीश्वराचे मंदिर पाहण्यास जावे. लवकर जाण्याची दोन कारणे आहेत. मंदिर दुपारी काही काळ बंद असते. आणि आवारात अनवाणी चालावे लागत असल्यामुळे ऊन चढल्यावर तेथील फरशी पायांना चटके देते.

हे मंदिर चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधविले. त्याचे काम १०१० साली पूर्ण झाले. गाभाऱ्यावरील तेरा मजली शिखर साठ मीटरांहून अधिक उंच आहे. हे सर्व बांधकाम ग्रॅनाइट या कठीण दगडाचे आहे. परंतु तंजावरच्या भोवती दृष्टी टाकली, तर गाळाची जमीन आणि भाताची शेते यांवाचून काही दिसत नाही. एवढा दगड दुरून आणावा लागला असला पाहिजे. यंत्रे नसताना माणसांच्या आणि जनावरांच्या बळावर हे कार्य सिद्धीस गेले, हे पाहून मन थक्क होते. १९८७ साली या मंदिराचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत करण्यात आला.

या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, अशी एक गोष्ट वाटाडे आवडीने सांगतात. ती ऐकून मान डोलावण्यापूर्वी मुलांनी सकाळच्या उन्हात शिखराच्या पश्चिमेस जाऊन उभे राहावे. सावली तेथे स्वच्छ पडलेली दिसेल. थोरवीला खोट्या चमत्काराचा आधार लागत नाही. शिखर कसे बांधले, हाच पुरेसा मोठा चमत्कार आहे.

मंदिराच्या जोत्यावर आणि भिंतींवर तमिळ भाषेत पुष्कळ लेख कोरलेले आहेत. प्रथमदर्शनी ते नक्षीसारखे भासतात. वस्तुतः ते मंदिराचे हिशेब आहेत. कोणी किती सोने दिले, दिव्यांसाठी तूप कोठून यावयाचे, कोणाला किती भात द्यावयाचा, हे सर्व त्यांत नमूद केले आहे. देवापुढे स्तोत्रे गाण्यासाठी राजाने ४८ गायक नेमले होते व त्यांच्या साथीला वादक दिले होते. निरनिराळ्या मंदिरांतून नृत्य-गायन जाणणाऱ्या ४०० स्त्रिया येथे आणून वसविल्या होत्या. प्रत्येकीला राहण्यास घर आणि वर्षाला १०० कलम भात मिळे. 'कलम' हे धान्य मोजण्याचे त्या प्रदेशातील माप होते. विशेष असे, की त्या स्त्रियांची नावे, त्या कोणत्या गावाहून आल्या आणि कोणत्या रांगेतील घरात राहत होत्या, हे देखील दगडावर लिहून ठेवले आहे. मोठी मंदिरे बांधणाऱ्या राजांची नावे इतिहासात राहतात; परंतु तेथे गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची नावे हजार वर्षे टिकल्याचे उदाहरण विरळाच.

मंदिराच्या वरच्या मजल्यावरील ओवरीत नृत्याच्या १०८ करणांपैकी ८१ करणे कोरलेली आहेत. करण म्हणजे हात, पाय व शरीर यांची विशिष्ट हालचाल. उरलेल्या २७ करणांसाठी ठेवलेल्या शिळा कोऱ्याच राहिल्या. हा भाग सर्वसाधारण प्रेक्षकांना खुला नसतो. तरी तो तेथे आहे हे ठाऊक असले, म्हणजे खाली उभे राहूनही मंदिर अधिक समजते.

मंदिराच्या आवारात फिरता फिरता नैर्ऋत्येकडील भिंतीपाशी महाराष्ट्रातील मुलांचे पाय आपोआप थबकतील. तेथे देवनागरी अक्षरे आहेत, आणि भाषा मराठी आहे! दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास येथे कोरविला. जगातील मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. सह्याद्रीपासून इतक्या दूर, चोळांच्या मंदिरात मराठी लेख कसा आला?

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून दक्षिणेत गेले आणि १६७५च्या सुमारास त्यांनी तंजावर आपल्या ताब्यात घेतले. त्यापूर्वी तेथे नायक राजांची सत्ता होती. नायकांच्या दरबारात तेलुगू भाषेला मान होता. प्रजेची भाषा तमिळ होती. पंडित संस्कृतात ग्रंथ लिहीत. मराठे आले, तेव्हा त्यांनी मराठी आणली. परंतु आधीच्या भाषांना हुसकून लावले नाही. एकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी मराठीप्रमाणेच तेलुगूतही नाटके रचली. त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. विष्णुदास भावे यांनी सांगलीस १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्याच्या कितीतरी आधी तंजावरला मराठी नाटके लिहिली जात होती. पुढे तुळजाजीराजे यांनी 'संगीतसारामृत' हा संगीतशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ रचला. मराठ्यांचे राज्य तेथे सुमारे १८० वर्षे टिकले. १७९९च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८५५ साली राजपद संपुष्टात आले.

दुसऱ्या दिवसाची दुपार राजवाड्यासाठी राखून ठेवावी. हा वाडा नायकांनी बांधण्यास आरंभ केला आणि मराठ्यांनी वाढविला. त्यातील संगीत महाल नावाचे दालन गायन-वादन-नृत्यासाठीच बांधलेले आहे. वाड्यातील कलादालनात चोळकालीन पंचधातूच्या मूर्ती आहेत. परंतु वाड्यातील सर्वांत मौल्यवान ठेवा म्हणजे सरस्वती महाल हे ग्रंथालय होय.

या संग्रहाचा आरंभ नायकांच्या काळात झाला. तथापि त्याला आजचे थोर रूप मुख्यतः सरफोजी राजांमुळे आले. राज्याचा कारभार हातून गेलेल्या या राजाने आपले आयुष्य विद्येला वाहिले. त्यांनी काशीयात्रेच्या वेळीही ग्रंथ मिळविले, पंडित लेखकांकडून नकला करवून घेतल्या, युरोपातून हजारो पुस्तके मागविली आणि त्यांवर आपल्या हाताने सह्या केल्या. नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह त्यांनी जपून ठेवविल्या. त्यांनी काढलेल्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इसापच्या कथा मराठीत छापल्या गेल्या. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत या बालपुस्तकाची गणना होते.

सरस्वती महालात ४० हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत ग्रंथ सर्वाधिक असून सुमारे तीन हजार मराठी आहेत. अनेक ग्रंथ ताडाच्या पानांवर लोखंडी लेखणीने कोरलेले आहेत. दमट हवा आणि कीड हे या पानांचे वैरी. त्यांच्यापासून बचाव करण्यासाठी पानांना सुगंधी गवताचे तेल लावतात, आणि कपाटात वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी व कापूर यांसारख्या वस्तूंची पुरचुंडी ठेवतात. आजीच्या बटव्यात शोभेल अशी ही औषधे दुर्मीळ ग्रंथांचे रक्षण करतात! १९१८ साली राजघराण्याचा हा संग्रह सर्व लोकांच्या उपयोगासाठी खुला झाला. प्रवाशाला तेथील संग्रहालय पाहता येते. मूळ ग्रंथ हाताळण्यास अभ्यासकांनाही परवानगी घ्यावी लागते.

याच ग्रंथालयात मराठेकालीन कारभाराच्या मोडी कागदांचे शेकडो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. मोडी ही झरझर लिहिण्याची लिपी. एके काळी महाराष्ट्रातील प्रत्येक कारकुनाला ती येत असे. आता ती वाचणारे थोडे उरले आहेत. आणि तंजावरची मोडी व तेथील तमिळमिश्रित मराठी समजणारे तर त्याहूनही थोडे. कागद सुरक्षित आहेत, पण वाचणाराच नसेल तर सुरक्षित कागदही मुका राहतो.

तिसरा दिवस वाद्यांचा. तंजावरची वीणा सर्व भारतात प्रसिद्ध आहे. ती फणसाच्या लाकडापासून घडवितात. मोठा भोपळा, दांडी आणि टोक हे सर्व भाग एकाच ओंडक्यातून कोरून काढले, तर त्या वीणेला विशेष मोल येते. दांडीच्या टोकाला याळी नावाच्या काल्पनिक प्राण्याचे मुख कोरलेले असते. वाजविण्याच्या चार तारा वरच्या बाजूला व ताल धरण्याच्या तीन तारा कडेला असतात. दांडीवर धातूचे २४ पडदे बसवितात. सप्तकात शुद्ध व विकृत मिळून १२ स्वर. म्हणून २४ पडद्यांवर दोन सप्तके वाजविता येतात. हे पडदे खिळ्यांनी ठोकलेले नसतात, तर कोळशाची पूड मिसळलेल्या मेणावर बसविलेले असतात. कारागीर एकेक पडदा कानाने पारखून रेसभर इकडेतिकडे सरकवितो आणि नेमक्या जागी पक्का करतो. हे काम मोजपट्टीने साधत नाही. पित्याजवळ बसून पुत्र ते वर्षानुवर्षे शिकतो. ज्या दिवशी शिकणारा पुत्र उरणार नाही, त्या दिवशी ही विद्या पुस्तकात लिहून ठेवूनही फारशी उपयोगी पडणार नाही.

तंजावरच्या संगीताचा एक मोठा गुण असा, की त्याने बाहेरून आलेल्या चांगल्या गोष्टींना घरात जागा दिली. व्हायोलिन हे युरोपातील वाद्य. बाळुस्वामी दीक्षितर यांनी मद्रासमध्ये एका युरोपीय वादकापासून ते शिकून दक्षिणेच्या संगीतात आणले. सरफोजींच्या दरबारी असलेल्या चार बंधूंपैकी वडिवेलु यांनी त्यात प्रावीण्य मिळविले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे ते चार बंधू. भरतनाट्याच्या आजच्या कार्यक्रमाचा क्रम त्यांनीच बांधून दिला. युरोपातील वादक उभा राहून व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. दक्षिणेतील वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवितो. आज व्हायोलिनवाचून तेथील मैफल पुरी होत नाही.

महाराष्ट्रातील कीर्तनाचेही तसेच झाले. तंजावरला समर्थ संप्रदायाचे मठ होते आणि मराठी कीर्तनकार तेथे जात असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवांची कीर्तने तंजावरला फार गाजली. ती ऐकून कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाची मांडणी आणि तमिळ कथाकथन यांचा मेळ घातला, आणि दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी ही मराठी वृत्ते तमिळ हरिकथेत जाऊन बसली.

मैफलीस जाण्यापूर्वी मुलांनी आदिताल हाताने धरण्यास शिकावे. त्याच्या आठ मात्रा असतात. पहिल्या मात्रेला टाळी द्यावी. दुसरी, तिसरी व चौथी मात्रा करंगळी, अनामिका व मधले बोट यांनी मोजावी. पाचवीला टाळी, सहाव्या मात्रेला तळहात उलटा, सातवीला पुन्हा टाळी आणि आठवीला पुन्हा हात उलटा. घरी दहा दिवस सराव केला, तर तंजावरच्या श्रोत्यांत बसून त्यांच्याबरोबर ताल धरता येतो. भाषा समजली नाही तरी ताल समजतो, आणि शेजारचा श्रोता हसून मान डोलावतो. त्याला 'वणक्कम' म्हणून नमस्कार करावा. 'नन्री' म्हणून आभार मानावे. एवढे दोन शब्दही पाहुण्याचा आदर व्यक्त करण्यास पुरेसे होतात.

चौथ्या दिवशी तिरुवैयारु येथे जावे. तंजावरपासून हे गाव सुमारे १३ किलोमीटर उत्तरेस आहे. 'तिरु' म्हणजे श्री, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. वाटेत मुलांनी पूल मोजावेत. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी, असे पाच पूल ओलांडले, की गावाच्या नावाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

कावेरीच्या काठी, भाताच्या शेतांच्या या शांत प्रदेशात त्यागराज राहत असत. त्यांचा काळ १७६७ ते १८४७. श्यामाशास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर या तिघांना कर्नाटक संगीताचे त्रिमूर्ती म्हणतात. तिघांचाही जन्म तंजावर प्रांतातील तिरुवारूर येथे झाला. त्यागराजांनी आपली रामभक्तीची पदे तेलुगूत रचली. तंजावरच्या दरबारातून मानाचे निमंत्रण आले असता त्यांनी ते स्वीकारले नाही, असे परंपरा सांगते. राजाश्रयावाचून त्यांची पदे टिकली. कारण शिष्यांनी ती कंठात जपली.

त्यांची समाधी मात्र तशी जपली गेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ती दुर्लक्षित आणि पडक्या अवस्थेत होती. ही वार्ता बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेच्या कानी गेली. मंदिरांत आणि दरबारांत नृत्य-गायन करणाऱ्या स्त्रियांच्या परंपरेतील त्या थोर कलावती होत्या. त्यांनी आपली आयुष्यभराची मिळकत खर्चून १९२०च्या दशकात समाधीवर मंदिर उभारले. असे असूनही तेथील वार्षिक उत्सवात स्त्रियांना गाण्याची मोकळीक नव्हती. नागरत्नम्मांनी भांडण करून उत्सव मोडला नाही. त्यांनी स्त्रियांचा निराळा उत्सव सुरू केला. पुढे १९४०च्या सुमारास सर्व मंडळी एकत्र आली आणि स्त्री-पुरुष मिळून गाऊ लागले. नागरत्नम्मा १९५२ साली निवर्तल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे.

उत्सवाच्या दिवशी शेकडो गायक-वादक समोरासमोर रांगा करून बसतात आणि त्यागराजांची पाच प्रसिद्ध पदे एका स्वरात गातात. नामवंत गायक आणि नवशिका विद्यार्थी एकाच चटईवर बसतात. राजराजाच्या मंदिरात गाणाऱ्या स्त्रियांची नावे दगडावर कोरली होती. त्याच परंपरेतील एका स्त्रीला गाण्याची जागा प्रयासाने मिळवावी लागली. आणि आज त्या जागी सर्वांना गाता येते. चार दिवस डोळसपणे हिंडलेल्या प्रवाशाला हा सर्व इतिहास त्या एका गाण्यात ऐकू येतो.

तंजावरला जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाने एक वही बरोबर घ्यावी आणि तिच्या प्रत्येक पानावर एकच प्रश्न लिहावा: ही वस्तू कोणी जपली? बंधाऱ्यापाशी त्याचे उत्तर निराळे मिळेल, ग्रंथालयात निराळे, वीणा घडविणाऱ्याच्या ओटीवर निराळे आणि समाधीपाशी निराळे. परत आल्यावर वही पुन्हा उघडली, म्हणजे दिसेल की एका पानावरचे उत्तर अपुरे आहे. ते पान मोडी रुमालांचे. ते कागद ग्रंथपालांनी सांभाळले. आता ते वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. मोडीची अक्षरे शिकणे कठीण नाही. थोड्या महिन्यांच्या सरावाने ती वाचता येऊ लागतात. सहलीहून आलेल्या वर्गातील एखाद्या मुलाने वा मुलीने ती शिकावयास घेतली, तर तंजावरची ती सहल खऱ्या अर्थाने सफल झाली असे म्हणता येईल.